संगीत नाटकाचा शेवट बदलताना : हौशी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेकडच्या आणि साताऱ्याच्या हौशी मंडळींकडून दर पावसाळ्यात, म्हणजे तालमी सुरू व्हायच्या सुमारास, हे प्रश्न येतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथं, सांगलीत. ‘शारदा’वाले देवल इथल्या हरिपूरचे आणि ‘मानापमान’वाले खाडिलकर सांगलीचेच. त्यामुळं जुन्या नाटकाला हात लावताना इथला माणूस थोडा बिचकतो, आणि ते बरंच आहे. उत्तरं प्रश्नावार दिली आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथं गरज आहे तिथं दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. शेवट बदलणं म्हणजे नक्की काय? आम्ही फक्त काटछाट करतोय.

पाच अंकी नाटक आज कुणी पूर्ण करत नाही. पूर्वी प्रयोग रात्रभर चालायचे, आता नाट्यगृहाची वेळ ठरलेली असते. संवाद आखडणं, आडपात्रं गाळणं, तीसचाळीस पदांतली दहाबारा ठेवणं, ही रंगावृत्ती झाली. पात्रांचं अखेर काय होतं, किंवा जे होतं त्याचा अर्थ काय लागतो, हे पालटलं की शेवट बदलला.

मधली एक जागा फसवी आहे. एक शब्दही न बदलता शेवट पालटता येतो. लग्नाच्या अंतिम प्रसंगात नायिका प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली आणि दिवे मंद झाले, तर ते लग्न सुखाचं राहत नाही. हे दिग्दर्शकाच्या अखत्यारीत येतं आणि माझ्या मते हौशी मंडळींनी आधी हाच मार्ग आजमावावा. उलट ‘वेळेअभावी’ म्हणून शेवटचं पद गाळणं निरुपद्रवी वाटतं, पण कित्येकदा तोच सगळ्यांत मोठा बदल ठरतो (प्रश्न ९ पाहा).

२. लेखक जाऊन शंभर वर्षं झाली. आता परवानगी कुणाची घ्यायची?

भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये आणि खाडिलकर १९४८ मध्ये. या चौघांच्या संहिता आज मुक्त आहेत. त्यांच्या प्रयोगासाठी मानधन द्यावं लागत नाही आणि परवानगीही घ्यावी लागत नाही.

नंतरच्या पिढीचं तसं नाही. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचा हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत आहे. विद्याधर गोखल्यांचा २०५६ पर्यंत आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांचा २०५९ पर्यंत. आपल्या रहिमतपूरचे वसंत कानेटकरही अजून बराच काळ हक्कात आहेत. ‘सगळेच करतात की’ हे उत्तर इथं चालत नाही.

३. संहिता मुक्त आहे, म्हणजे पदंही मुक्त ना?

दर वेळी नाही. पद, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. ‘एकच प्याला’चं उदाहरण घ्या. नाटक गडकऱ्यांचं, पण पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. ते १९६२ मध्ये गेले, त्यामुळं पदांवरचा हक्क २०२२ च्या अखेरीपर्यंत होता. ‘मानापमान’चं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, त्यांचा मृत्यू १९५५ चा. आज दोन्ही मोकळी आहेत, पण नाटककाराच्या मृत्यूचं साल पाहून थांबायचं नाही, एवढं यावरून कळतं.

आणखी दोन फासे आहेत. मुक्त नाटकाची आजच्या एखाद्या संपादकानं केलेली दोन अंकी रंगावृत्ती तुम्ही वापरली, तर त्यानं घातलेले नवे संवाद त्याचे आहेत. आणि गाणारी मिळाली नाही म्हणून शेवटच्या पदाचा जुना ट्रॅक लावलात, तर मुद्रणाचा स्वतंत्र हक्क आडवा येतो. ट्रॅकचा विचार तसाही सोडून द्यावा असं मला वाटतं. संगीत नाटक समोर गायलं जावं लागतं.

४. कायद्यात हौशी संस्थांना सूट आहे असं ऐकलं. मग एवढा खटाटोप कशाला?

सूट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला, तर तो हक्कभंग ठरत नाही. शाळा-कॉलेजात विद्यार्थी आणि शिक्षकांनी आपल्याच लोकांसमोर आणि पालकांसमोर केलेल्या प्रयोगालाही वेगळी सूट आहे. गणेशोत्सवात मांडवात केलेला फुकट प्रयोग बहुधा यात बसतो. ‘देणगी प्रवेशिका’ शंभर रुपयांना विकली की तो फुकट राहिला नाही, मग तिकीट म्हणा की सन्मानिका.

पण ही सूट प्रयोग करण्याची आहे. नाटकात फेरफार करणं हा निराळा हक्क आहे आणि तो लेखकाकडेच राहतो. हक्कातलं नाटक फुकट करता आलं, तरी त्याचा शेवट परस्पर बदलता येत नाही.

५. आणि हक्क संपलेल्या नाटकाचा शेवट? तो तर हवा तसा बदलता येतो?

पैशाचा हक्क संपतो. लेखकाच्या नावाचा आणि कृतीच्या मानाचा प्रश्न कलम ५७ मध्ये वेगळा आहे. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेता येते आणि ती वारसही घेऊ शकतात. हे कलम किती गांभीर्यानं घेतलं जातं याचा दाखला आहे. मन्नू भंडारींनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या चित्रपटातल्या फेरफारांवर दावा लावला होता आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं लेखकाचा हा हक्क ठळकपणे मांडला. हक्क विकून टाकल्यावरही तो उरतो.

देवलांच्या नाटकाचा शेवट बदललात म्हणून कुणी कोर्टात ओढेल असं सहसा होत नाही. पण जाहिरातीवर नाव ‘गोविंद बल्लाळ देवल’ आणि रंगमंचावर शेवट तुमचा, ही फसवणूक आहे, कायद्यानं पकडो वा न पकडो. जाहिरातीत काय लिहावं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. वारसांना पत्र कसं लिहावं?

नवा शेवट पूर्ण लिहून सोबत जोडा. ‘किरकोळ बदल करू इच्छितो’ एवढंच लिहिलं तर समोरचा घाबरतो आणि नाही म्हणतो. कोणता प्रसंग, कोणतं पद, किती पानं, प्रयोग कुठं आणि किती, तिकीट आहे की नाही, हे सगळं आधीच सांगा. का बदलायचं ते चार ओळींत. मूळ शेवट कालबाह्य आहे असं त्यांच्या वडिलांबद्दल किंवा आजोबांबद्दल लिहू नका, ते खरंही नसतं बहुधा. होकार लेखी घ्या. नकार आला तर दुसरं नाटक घ्या.

७. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मूळ संहितेला आहे. नवा शेवट चालेल?

नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहिता तपासून प्रयोगाला प्रमाणपत्र देतं. ते तपासलेल्या पानांना असतं, नाटकाच्या नावाला नाही. शेवट बदलला की बदललेली संहिता पुन्हा पाठवावी लागते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणार असाल तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं त्या वर्षीचं नियमपत्रक वाचा आणि प्रवेशिका भरण्याआधी हे काम उरका. परीक्षकांच्या हातात एक संहिता आणि रंगमंचावर दुसरी, यात मंडळाचं नाव जातं.

८. ‘शारदा’ आणि ‘एकच प्याला’ यांचे शेवट आजच्या काळात पटत नाहीत. काय करावं?

सगळ्यांत जास्त पत्रं याच दोन नाटकांवर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

‘शारदा’ १८९९ चं. पैशासाठी कांचनभट आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. लग्न सगोत्र आहे हे कोदंड उघड करतो आणि ते मोडतं. शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो आणि शेवटी त्या दोघांचं लग्न ठरतं. आजच्या मुलींचा आक्षेप असा की हिचं आयुष्य आधी बापानं ठरवलं आणि मग इतरांनी, तिला कुणी विचारलंच नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून शारदा शेवटी लग्न नाकारून शिकायला पुण्याला जाते, असे शेवट लिहून येतात.

मला ते पटत नाहीत, आणि त्याचं कारण परंपरा हे नाही. पहिल्या चार अंकांत ज्या मुलीला ‘नाही’ म्हणायची जागाच देवलांनी दाखवलेली नाही, ती पाचव्यात एकदम भाषण करू लागली की प्रेक्षक ती शारदा मानत नाहीत, दिग्दर्शकच बोलतोय हे कळतं. असा शेवट हवा असेल तर त्याचं बी दुसऱ्या अंकात, मैत्रिणींच्या प्रसंगात पेरावं लागेल, म्हणजे निम्मं नाटक नव्यानं लिहावं लागेल. त्यापेक्षा एक लहान बदल पाहा. मोठी माणसं निर्णय देण्याआधी कोदंड तिला विचारतो आणि ती उत्तर द्यायला वेळ घेते. दोन वाक्यं आणि एक लांब थांबा. देवलांचा सगळा राग जरठ-कुमारी विवाहावर होता आणि त्या रागाला हे शोभतं.

जाता जाता, माहितीपत्रकात ‘या नाटकावरून शारदा कायदा आला’ असं छापू नका. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ते नाव हरबिलास सारडांवरून पडलं.

‘एकच प्याला’बद्दलची मागणी बहुतेक वेळा व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमातून येते. सुधाकर विष घेऊन मरतो, त्यापेक्षा तो सुधारलेला दाखवा, लोकांना आशा मिळेल. हेतू चांगला आहे. पण नाटक पुन्हा वाचा. सुधारायला निघालेला सुधाकर गडकऱ्यांनी दाखवलेलाच आहे. तो दारू सोडायचं ठरवतो, नोकरीसाठी लोकांच्या दारात जातो, तिथं त्याची अवहेलना होते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट हीच आहे. सोडणाऱ्याला भोवतालची माणसं उभं करतात किंवा पाडतात. बहुतेक रंगावृत्त्यांत वेळ वाचवायला हाच प्रसंग कापला जातो! तो पूर्ण ठेवा, नीट बसवा, आणि शेवटाला हात लावू नका. पडदा पडल्यावर कार्यकर्त्यांना दहा मिनिटं बोलू द्या आणि मदतीचा पत्ता द्या. आशा तिथं मिळेल, आणि ती खरी असेल.

सुधाकरच्या बायकोबद्दलचा, सिंधूबद्दलचा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. नवऱ्याच्या मारानं ती मरते आणि मरताना फौजदारापुढं त्याला पाठीशी घालते. हे आज मूकपणे कसं दाखवायचं? मी शब्द बदलणार नाही, पण तिच्याभोवतीची माणसं बदलीन. तिची साक्ष चालू असताना खोलीतल्या प्रत्येकाला सत्य ठाऊक आहे. सुधाकरचा मित्र रामलाल यानं मान खाली घातली, कुणी भिंतीकडे वळलं, फौजदाराची लेखणी क्षणभर थांबली, तर त्या खोट्या साक्षीतली हिंसा उघडी पडते. तिनं खरं सांगितलं तर सुधाकरचं विष पिणं निव्वळ शिक्षेची भीती ठरेल आणि शोकांतिका पोलिसी बातमीवर येईल.

९. शेवट बदलला तर शेवटच्या पदाचं काय करायचं?

हा प्रश्न यायला हवा तेवढा येत नाही, आणि सगळं अडतं ते इथंच. संगीत नाटकाचा शेवट कानात होतो. भरतवाक्य, म्हणजे अखेरचं आशीर्वादाचं पद, किंवा भैरवीतलं पद सुरू झालं की प्रेक्षकाला कळतं, आता आवरलं. सांगलीचा जुना प्रेक्षक त्यासाठी खुर्चीत पुढं सरकून बसतो. प्रसंग दुःखाचा केलात आणि पद तेच उत्सवी ठेवलंत, तर लोक पदावर विश्वास ठेवतील, प्रसंगावर नाही.

म्हणून संवाद लिहिण्याआधी ऑर्गनवाल्यासोबत बसा. तीन वाटा आहेत. पहिली, पद तेच ठेवून लय आणि साथ बदलायची. तबला काढून नुसत्या सुरावर गायलं तर ओळखीचं पद वेगळंच बोलतं, आणि हौशी मंडळाला हे झेपतं. दुसरी, नाटकातलंच आधीचं पद शेवटी परत आणायचं. प्रेक्षकाला ते मागच्या प्रसंगासकट आठवतं, त्यामुळं परिणाम मोठा. तिसरी, जुन्या चालीवर नवे शब्द लिहायचे. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकांत साक्या, दिंड्या आहेत, त्यांचं वृत्त ठरलेलं आहे. मात्रा मोजून, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिता येणारा माणूस गावात असेल तरच या वाटेनं जा. नसेल तर गायिकेला अक्षरं ओढावी लागतात आणि सम चुकते.

पट्टीही, म्हणजे गाणाऱ्याचा पेटीवरचा आधारस्वर, तपासा. शेवटचं पद दुसऱ्या पात्राकडे दिलंत तर पट्टी बदलते. काळी एकमध्ये गाणाऱ्या नायकाचं पद पांढरी चारच्या नायिकेला तसंच्या तसं देऊन चालत नाही, आणि आधीच्या पदाचा सूर कानात असताना ही उडी खटकते. मध्ये दोन वाक्यांचा संवाद ठेवा, तेवढ्यात ऑर्गनवर नवा षड्ज मिळतो.

१०. मूळ नाटकच अपुरं असेल तर?

किर्लोस्करांचं ‘रामराज्यवियोग’ तीन अंकांवर राहिलं, पुढं ते गेले. अशा नाटकाला शेवट जोडणं म्हणजे बदल नव्हे, पूर्ती आहे. तरी किर्लोस्कर कुठं थांबले ते प्रेक्षकांना दिसू द्या. तिथं मध्यंतर घ्या किंवा सूत्रधाराकडून एक वाक्य म्हणवून घ्या.

याचीच दुसरी बाजू म्हणजे लेखकानं स्वतः फिरवलेलं नाटक. देवलांचा ‘फाल्गुनराव’ १८९३ साली गद्य होता, १९१६ मध्ये त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. अशा ठिकाणी ‘मूळ’ कोणतं हे ठरवून मगच बदलाची भाषा करावी, आणि वापरलेली आवृत्ती माहितीपत्रकात नोंदवावी.

११. कॉलेजमध्ये इंग्रजी म्युझिकल करतोय. शेवट आपल्याकडचा केला तर?

ब्रॉडवेची बहुतेक म्युझिकल्स म्युझिक थिएटर इंटरनॅशनल, कॉनकॉर्ड थिएट्रिकल्स अशा संस्था परवान्यावर देतात. त्यांच्या करारात शब्द, सूर, क्रम, पात्र यांतलं काहीही लेखी संमतीशिवाय बदलायचं नाही असं असतं. भाषांतराची परवानगीही वेगळी घ्यावी लागते.

सिनेमात शेवट वेगळा आहे म्हणून तो रंगमंचावर घेता येत नाही. ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’च्या १९८६ च्या चित्रपटात चाचणी खेळातल्या प्रेक्षकांना न रुचल्यानं शेवट गोड केला गेला. नाटकाचा शेवट मात्र कडूच आहे आणि परवाना त्याचाच मिळतो.

शेवटावरून लेखक किती चिडू शकतो हे पाहायचं तर बर्नार्ड शॉ पाहा. ‘पिग्मॅलियन’च्या १९१४ च्या लंडनमधल्या प्रयोगात प्राध्यापक हिगिन्सचं काम करणाऱ्या बीरबोम ट्री यांनी पडदा पडता पडता त्याची शिष्या एलायझा हिच्याकडे फुलं फेकून प्रेम सुचवलं. शॉनं १९१६ च्या आवृत्तीला पुरवणी जोडून तिचं लग्न फ्रेडीशी होतं हे लिहूनच टाकलं. आणि याच नाटकावरून केलेल्या १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’त एलायझा परत हिगिन्सकडे येतेच. तेव्हा शॉ हयात नव्हते.

१२. शेवट बदललाय हे आधी सांगावं का? मजा जाईल ना?

सांगावं. काय बदललंय ते सांगायची गरज नाही. ‘मूळ नाटक : गो. ब. देवल. अखेरचा प्रवेश नव्यानं लिहिलेला’ एवढी ओळ जाहिरातीवर, माहितीपत्रकात आणि पडद्याआधीच्या निवेदनात पुरते. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात पहिल्या चार रांगांत बसणाऱ्यांपैकी कित्येकांना पदं पाठ असतात, ते गायकाच्या आधी ओठ हलवतात. त्यांना न सांगता शेवट फिरवला तर ते दुखावतात, आणि ते योग्यच आहे. आधी सांगितलं तर तेच लोक उत्सुकतेनं येतात आणि प्रयोगानंतर आत येऊन तासभर वाद घालतात. त्या वादासाठी चहाची सोय ठेवा.

१३. एका प्रयोगात जुना आणि दुसऱ्यात नवा शेवट करता येईल?

येईल, दोन्हींचं प्रमाणपत्र असेल तर (प्रश्न ७). पण हौशी नटांकडे महिनाभराच्या संध्याकाळच्या तालमी असतात, त्यात दोन शेवट पक्के होत नाहीत. नवा चुकला की जीभ जुन्यावर जाते. प्रेक्षकांचं मत घेऊन शेवट ठरवणं संगीत नाटकात टाळाच, साथीदारांना तयारीला वेळ उरत नाही.

१४. प्रयोग लांबला आणि नाट्यगृहवाले घाई करू लागले, तर ऐनवेळी काय कापावं?

शेवट कधीही नाही. वन्स मोअर घेऊ नका, विनोदी प्रवेश आखडा, मध्यंतर पाच मिनिटांवर आणा. रंगीत तालमीलाच घड्याळ लावून तिसऱ्या अंकातल्या दोन ‘कापायच्या जागा’ प्रॉम्प्टरच्या वहीत खुणा करून ठेवा आणि साथीदारांना दाखवा. त्या जागा त्या वहीत नसतील तर ऐनवेळी विंगेतून कुजबुजून काही कापायला सांगू नका, नट गोंधळतो.

१५. आम्ही लिहिलेला शेवट दुसऱ्या मंडळाला हवाय. तो कुणाचा?

मुक्त नाटकाला तुम्ही जोडलेला नवा मजकूर ज्यानं लिहिला त्याचा, मूळ नाटक सगळ्यांचंच. मंडळात चौघांनी मिळून लिहिला असेल तर हक्क चौघांचा, म्हणून तालमीच्या वेळीच एका कागदावर नावं लिहून सह्या घ्या. हक्कातल्या नाटकाचं वेगळं आहे. वारसांनी परवानगी तुमच्या मंडळाला आणि ठरावीक प्रयोगांसाठी दिलेली असते, ती दुसऱ्यांना देता येत नाही. त्यांनी स्वतः पत्र लिहावं, आणि तुमचा शेवट वापरायला तुमची हरकत नाही असं तुमचं पत्र त्यासोबत जोडावं.